सात दिवसांच्या ध्यानशिबिराचे सतरा दिवस

ध्यानशिबिरात मी दोन जागांवर बसले आहे. काही वेळा आसनावर, आणि तीन वेळा स्वयंपाकघरात विळीवर नारळ खवत, धम्मसेविका म्हणून. आसनावर असताना फक्त आपलेच गुडघे कळतात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळ्यांचे दिसतात.

तिथून दर वेळी तेच दिसलं. दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसलेली माणसं, तिसऱ्या दिवशी बॅग भरून ऑफिसच्या पायरीवर आलेली माणसं. आणि पूर्ण सात दिवस छान बसून घरी गेलेली, पण आठवडाभरात सगळं सोडून दिलेली माणसंही पुढे बाजारात भेटतात. यांतल्या बहुतेकांचं ध्यान चुकलेलं नव्हतं. निघण्याआधीचा आठवडा चुकला होता, नाहीतर परतल्यानंतरचे दोन-तीन दिवस. म्हणून मी हिशोबच असा धरते: आधीचे सात, शिबिराचे सात, नंतरचे तीन.

हे सगळं गोव्यातल्या सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण अशा आतल्या भागातल्या निवासी बौद्ध ध्यानशिबिरांना धरून लिहिलं आहे. आपल्याकडे ती बरेचदा कुळागरातल्या (पोफळी-माडांच्या बागेतल्या) जुन्या घरात किंवा डोंगराच्या कुशीतल्या एखाद्या साध्या वास्तूत भरतात.

१. शिबिर निवडणं

गोव्यात ‘रिट्रीट’ हा शब्द कशालाही लावतात. कार्यक्रमपत्रिकेत मसाज, किनाऱ्यावरचा सूर्यास्त आणि संध्याकाळी गाणंबजावणं असेल तर ती सुट्टी आहे. सुट्टीला माझी हरकत नाही, पण तिथे जाऊन ‘ध्यान जमलं नाही’ म्हणू नका.

दुसरा गोंधळ ‘विपश्यना’ या नावाचा. सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेत नव्या साधकाचं पहिलं पूर्ण शिबिर १० दिवसांचं असतं, मग ते इगतपुरीच्या धम्मगिरीत असो की दुसऱ्या केंद्रावर. तिथे निवास-भोजनाचे पैसे घेत नाहीत. नव्यांसाठीची सात दिवसांची शिबिरं इतर आचार्यांची असतात: कुणी फक्त श्वासावर बसवतं, कुणी महासी पद्धतीने पोटाच्या हालचालीची नोंद घ्यायला सांगतं, कुणी मैत्री भावनेवर (सगळ्यांचं भलं चिंतण्यावर) भर देतं, कुणी झेन पद्धतीने भिंतीकडे तोंड करून बसवतं. बहुतेक ठिकाणी निवास-भोजनाचा खर्च आधी घेतात आणि आचार्यांसाठी दान शेवटी, ऐच्छिक.

फोन करून एवढं विचारा: कोणती पद्धत शिकवणार? दिवसात बैठक किती तास? आचार्यांशी रोज किंवा एक दिवसाआड बोलायला मिळतं का? पाच शीलं (आचरणाचे नियम) पाळायची की आठ? आठ असतील तर त्यात विकाल भोजन वर्ज्य असतं, म्हणजे दुपारी बारानंतर जेवण नाही. खुर्ची मिळेल का? रात्री कुणाला बरं वाटेनासं झालं तर गाडी असते का?

शेवटच्या प्रश्नावर समोरचा अडखळला, तर मी तिथे जाणार नाही.

*सावधान:* अर्जात आजारपणाचा रकाना असतो आणि नाव कापतील या भीतीने लोक तो कोरा ठेवतात. नैराश्य, बायपोलर, भास, पॅनिक यांपैकी काही असेल किंवा पूर्वी होऊन गेलं असेल, घरात नुकताच मृत्यू झाला असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला आणि अर्जात खरं लिहा. दिवसभर गप्प बसून मनाकडे पाहत राहणं प्रत्येकाला प्रत्येक वेळी झेपतंच असं नाही. आणि चालू गोळ्या ‘शिबिरापुरत्या’ बंद करू नका.

२. तारीख

नोव्हेंबर ते फेब्रुवारी ऋतू चांगला. त्यातला नाताळ ते नववर्षाचा आठवडा सोडा. तिकिटं महाग आणि रस्ते तुंबलेले. एप्रिल-मेच्या उकाड्यात दुपारची बैठक म्हणजे घामाच्या धारांची नोंद घेणं. पावसात कुळागर सुंदर दिसतं, पण कपडे वाळत नाहीत, लाइट जाते आणि जळवा लागतात.

चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आधीचा आठवडा घेऊ नका. माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीचं) सामान, घराची रंगसफेदी आणि गावी जायची गडबड डोक्यात घेऊन तुम्ही आसनावर बसाल, आणि घरी राहिलेले तुमच्या नावाने बोटं मोडत असतील. दोन्हीकडे ध्यान तेवढंच.

आणखी एक गोष्ट बाहेरून येणाऱ्याला सुचत नाही: त्या गावच्या जत्रेची किंवा काल्याची तारीख विचारा. देवळाच्या मांडवात रात्रभर नाटक रंगलं, तर खलनायकाचं हसणं माईकवरून थेट तुमच्या उशीपर्यंत येतं. मला नाटकं आवडतात, त्यामुळे माझा त्रास दुप्पट झाला. मी संवाद ऐकत बसले.

*तपासा:* जागा सत्तरीच्या जंगलाला लागून असेल आणि दिवस हिवाळा ते उन्हाळ्याचे असतील, तर माकडतापाबद्दल आयोजकांना आणि जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा. या तालुक्यात २०१५ पासून त्याचे रुग्ण आढळत आले आहेत आणि तो गोचिडींमुळे पसरतो. ‘निसर्गात बसून ध्यान’ म्हणून पाचोळ्यावर बैठक मारू नका.

३. आधीचे सात दिवस

खरं शिबिर इथे सुरू होतं. क्रम पाळा, कारण यातल्या काही गोष्टींना शरीराला वेळ लागतो.

*सातवा दिवस उरला असताना चहा कमी करायला लागा.* रोज चार कप पिणाऱ्याने तीन, मग दोन, मग अर्धा. एकदम बंद केला तर १२ ते २४ तासांत डोकं चढतं आणि पहिले दोन दिवस तेच पुरतात. शिबिरात सकाळी चहा मिळतो अशी आशा धरू नका; अनेक ठिकाणी हर्बल काढा असतो. दारू तर पाच शीलांतच बाद, आणि सिगारेटही शिबिरात चालत नाही, त्यामुळे दोन्ही आत्तापासून. रोज दारू पिण्याची जुनी सवय असेल तर मात्र एकदम थांबवणं धोक्याचं असतं. आधी डॉक्टर, मग शिबिर.

*जेवणाची वेळ सरकवा.* रात्री साडेनऊला हुमण-भात जेवणाऱ्या माणसाला अकराच्या जेवणानंतर दुसऱ्या सकाळपर्यंत फक्त फळ किंवा लिंबूपाणी मिळालं की तो बिथरतो. रात्रीचं जेवण रोज अर्धा तास अलीकडे आणा. शेवटचे तीन दिवस नुस्तें (मासे) बंद करून शिवराक (शाकाहारी) खा. आणि कृपा करून आदल्या रात्री ‘आता आठवडाभर मिळणार नाही’ म्हणत किंगफिशवर आडवा हात मारू नका. त्या जेवणाची शिक्षा हॉलमधल्या सगळ्यांना होते.

*बसायचा सराव करा, पण पायांचा; ध्यानाचा नव्हे.* जमिनीवर रोज २० मिनिटं, चौथ्या दिवसापासून ४० मिनिटं. पद्मासनाचा हट्ट नको. उशी एवढी उंच घ्या की बसल्यावर कंबर गुडघ्यांपेक्षा चार बोटं वर राहील. गुडघे अधांतरी राहिले तर त्यांच्याखाली घडी घातलेला टॉवेल सरकवा. हे घरीच ठरलं की तिथे उशांचा डोंगर रचत बसावं लागत नाही. जमिनीवर बसणं जमतच नसेल तर आत्ताच खुर्ची सांगून ठेवा. तिसऱ्या दिवशी खुर्चीवर जाणं म्हणजे हरणं, असं समजून गुडघा सुजवून घेणारी माणसं मी पाहिली आहेत.

*झोप लवकर.* शिबिरात साधारण चार-साडेचारला घंटा होते. मोबाइल दहाला खाली ठेवा, पाचला उठा.

*मग घर.* यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे मीच आपटले होते. पहिल्या शिबिरात चौथ्या दिवशी मला शिबिराच्या ऑफिसातून बोलावणं आलं. पोटात गोळा आला. घरून फोन होता: “सोलां खंय दवरल्यांत गो?” सासूबाईंचा काही दोष नव्हता. ‘फारच गरज पडली तर फोन करा’ एवढंच सांगून मी निघाले होते, आणि त्यांना सोलकढी करायची फारच गरज होती.

आता मी कागदावर लिहून फ्रिजला लावते: गॅसचा नंबर कुठे, मुलाची फी कधी, औषधाची चिठ्ठी कुठल्या खणात, आणि हो, सोलं कुठल्या बरणीत. शिबिराचा नंबर घरातल्या एकाच माणसाकडे देते. फोन कशासाठी करायचा हेही स्पष्ट लिहिते: हॉस्पिटल, अपघात, मृत्यू. बाकी सगळं आठव्या दिवशी.

देवपूजा तुमच्याकडे असेल तर ती सात दिवस दुसऱ्या कुणाकडे सोपवा. बहुतेक शिबिरांत जप, माळ, पोथी, प्राणायाम हे सगळं तेवढ्यापुरतं बाजूला ठेवायला सांगतात. कारण सरळ आहे: दोन गोष्टी एकत्र केल्या तर कशाने काय झालं ते कळत नाही. लपून जप केल्याने देव रागावणार नाही, पण सात दिवस मात्र वाया जातील.

*तपासा:* आदल्या रात्री फोनमधले सगळे अलार्म काढले का? बंद करून ठेवलेला काही काही फोनही अलार्मच्या वेळी जागा होतो. एकदा कुलूपबंद कपाटातून पहाटे भूपाळी सुरू झाली. फोन कुणाचा ते कळायला दोन दिवस लागले, कारण मौन होतं आणि कुणी कबूल करीना.

४. बॅग

सैल, सुती, आवाज न करणारे कपडे. चालताना सळसळणारा नायलॉनचा ट्रॅकसूट शांत हॉलमध्ये पत्र्यासारखा वाजतो. पावसात रेनकोटपेक्षा छत्री बरी. एक शाल घ्याच. पहाटे कुळागरात गारवा असतो. टॉर्च, साधं घड्याळ, पाण्याची बाटली, न घसरणाऱ्या चपला, पुरतील एवढी औषधं आणि पॅड. गावात दुकान असेल, पण तुम्हाला फाटकाबाहेर जायचं नाही. (पाळी आली तर हॉलमध्ये यावं का, असं विचारणाऱ्या मुली दर शिबिरात भेटतात. यावं. काहीही अडत नाही.)

मच्छरदाणी आणि ती बांधायला दोरी विसरू नका. पहिलं शील प्राणिहत्या न करण्याचं आहे, त्यामुळे डास मारायची रॅकेट घरी. वास नसलेलं डासांचं मलम चालतं. अत्तर, उदबत्ती, उग्र तेल नको. जळू लागली तर मीठ टाकू नका. नखाची कड तिच्या तोंडाशी सरकवून सोडवा, जागा धुवा आणि तिला पानावरून बाहेर टाका.

पुस्तक, वही, पेन घेऊ नका. ‘फक्त अनुभव टिपायला’ म्हणून आणलेली वही दुसऱ्या दिवशी तुमच्या मनाची सिनेमा टॉकीज होते.

५. पोचण्याचा दिवस

दुपारी तीनपर्यंत पोचा. मडगाव, थिवी किंवा करमळीला गाडी उशिरा येऊ शकते, आणि आतल्या गावात जाणाऱ्या कदंबा बसगाड्या मोजक्याच असतात. संध्याकाळची चुकली की अंधारात टॅक्सी शोधत बसाल. शेवटचा टप्पा पायलटच्या (मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या) मागे बसून करणार असाल तर बॅग पाठीवर मावेल एवढीच हवी. मोपा विमानतळावरून सांगे-काणकोण म्हणजे गोव्याचं एक टोक ते दुसरं टोक, त्या दिवशी सकाळचं विमान घ्या.

पोचल्यावर क्रम असा: नोंदणी, फोन जमा, खोली, मच्छरदाणी बांधणं, संडास-बाथरूम आणि हॉल यांचा रस्ता दिवसाउजेडी चालून बघणं, मग हलकं खाणं. अंधारात पहाटे चारला ओल्या चिऱ्यावर शेवाळ कुठे आहे हे पायाला आधी माहीत असलेलं बरं.

फोन देण्याआधी घरी एकच निरोप: ‘पोचले.’ शेवटच्या पाच मिनिटांत भांडणाला तोंड फुटेल असा कोणताही फोन करू नका. तो वाद सात दिवस तुमच्या शेजारच्या आसनावर बसतो.

संध्याकाळी शीलं दिली जातात आणि आर्यमौन सुरू होतं. त्यात खाणाखुणा, चिठ्ठ्या, डोळ्यांनी हसणं हे सगळं बंद. आचार्यांशी साधनेबद्दल आणि व्यवस्थापकांशी अडचणीबद्दल हळू आवाजात बोलता येतं.

*सावधान:* मौन म्हणजे दुखणं लपवणं नव्हे. तीन दिवस जुलाब सोसत ‘अनित्य आहे’ म्हणणारा एक साधक शेवटी सलाईनवर गेला. अशा वेळी स्वयंपाकघरात सांगितलं की दुसऱ्या मिनिटाला पेज मिळते.

६. पहिले तीन दिवस

*पहिला दिवस झोपेचा.* वर्षभराची साठलेली झोप बाहेर येते. बैठकीत डुलक्या लागल्या तर डोळे किंचित उघडा, ताठ व्हा, तरीही आवरलं नाही तर उभे राहा. दुपारी भात दुसऱ्यांदा घेऊ नका. जेवणानंतरची वामकुक्षी आपल्या अंगात मुरलेली आहे, पण ती अर्ध्या तासात संपवा. दीड तास झोपलात तर दोनची बैठक गेलीच.

श्वासाकडे लक्ष द्यायचं असेल तर श्वास ओढूनताणून घेऊ नका. तो आहे तसा कळू द्या. मन गेलं, कळलं, परत आणलं, एवढंच काम. दिवसात हजारदा गेलं तरी काम चालूच आहे. ‘माझं मन फार भटकतं’ असं आचार्यांना सांगणारे सगळेच असतात.

*दुसरा दिवस दुखण्याचा.* इथे एक फरक ओळखा. पायाला मुंग्या येणं, बधिर होणं, पाठीत जळजळ हे बहुतेक वेळा बसण्याचं दुखणं. उठून चाललं की काही मिनिटांत जातं. गुडघ्यात सुरीसारखी कळ आली, किंवा उठल्यावरही दुखणं राहिलं, तर बैठक बदला, खुर्ची घ्या. पाय हलवायचाच असेल तर आधी ‘हलवावंसं वाटतंय’ हे पाहा, मग सावकाश हलवा.

घंटा झाली की बधिर पायावर लगेच उभे राहू नका. पाय पसरा, चोळा, बोटं हलवा, मग उठा. घोटा मुरगळण्याचे प्रकार ध्यानात होत नाहीत, ध्यान संपल्यावर होतात.

*चंक्रमण* म्हणजे चालतानाचं ध्यान. याला लोक मधली सुट्टी समजतात. १५-२० पावलांची सरळ वाट निवडा, नजर दोन हात पुढे जमिनीवर, टोकाला थांबा, वळा, परत या. पाय उचलला, पुढे नेला, टेकला. बागेत हिंडणं, मिरीच्या वेलांचे घोस पाहणं हे चंक्रमण नव्हे. वाट निवडताना आधी वर बघा: माडाखाली, पोफळीखाली नको. झावळ पडताना सूचना देत नाही.

*तिसरा दिवस पळून जायचा.* या दिवशी मन वकील होतं. घरी मुलाला ताप आला असेल, आचार्यांची पद्धतच चुकीची आहे, मी आधीपासूनच शांत आहे, मला याची गरज नाही. भल्या सकाळी गावातून पोदेराचा (पाववाल्याचा) पोंपों ऐकू आला की गरम पावाची आठवण येऊन माणूस खरोखर रडकुंडीला येतो. माझा नियम असा: जायचा निर्णय बैठकीत घ्यायचा नाही, रात्री तर नाहीच. सकाळी नाश्ता करून आचार्यांना भेटायचं, आणि त्यानंतरही जावंसं वाटलं तर सांगून जायचं.

*आचार्यांशी बोलताना* वेळ तीन-चार मिनिटं असते. काय केलं, काय जाणवलं, त्यावर काय केलं, या क्रमाने सांगा. “पोटाची हालचाल पाहत होते, छातीत दडपण आलं, घाबरून डोळे उघडले.” इतकं पुरे. लग्नापासूनची हकीकत सांगायला लागलात तर उत्तर ऐकायच्या आत घंटा होते.

*सावधान:* लागोपाठ दोन रात्री अजिबात झोप नाही आणि मन सुसाट धावतंय, आवाज ऐकू येताहेत, भीती उतरत नाही, किंवा एकदम ‘मला सगळं कळलं’ अशी धुंदी चढली आहे, तर बैठक थांबवा आणि लगेच सांगा. डोळे उघडे ठेवून चाला, पोटभर जेवा, कुणाशी तरी बोला. गरज पडली तर डॉक्टर, तातडी असेल तर १०८.

७. मधले दिवस

चौथ्या-पाचव्या दिवशी कधीतरी एखादी बैठक लोण्यासारखी जाते. तीच खरी अडचण. पुढच्या प्रत्येक बैठकीत माणूस तीच शोधत बसतो आणि नाही मिळाली की चिडतो. त्या दिवशीही काम तेच: गेलं, कळलं, आणलं.

पोट साफ होत नसेल तर ते सांगायला लाजू नका. बसून बसून आणि पाणी कमी पिऊन अर्ध्या शिबिराला हे होतं. सकाळी कोमट पाणी, जेवणात भाजी जास्त. आम्ही स्वयंपाकघरात पपई त्यासाठीच कापतो.

८. मौन सुटतं तो दिवस

शेवटच्या दिवशी बहुतेक ठिकाणी मैत्री भावना शिकवतात आणि मग बोलायची मुभा मिळते. पाच मिनिटांत हॉलबाहेर म्हापशाचा शुक्रवारचा बाजार भरतो. घसा बसेपर्यंत बोलू नका, आणि ‘तुला काय दिसलं, मला काय दिसलं’ ही तुलना टाळा. शेजारणीला प्रकाश दिसला आणि तुम्हाला फक्त पाठ दिसली, म्हणून तिचं शिबिर भारी ठरत नाही.

फोन परत मिळाला की आधी घरी फोन. व्हॉट्सॲपचे साडेसातशे निरोप संध्याकाळपर्यंत तसेच राहू द्या.

दान ऐच्छिक असतं. परवडेल ते द्या. शेजारच्याच्या पाकिटाकडे बघू नका.

९. नंतरचे तीन दिवस

पहिल्या दिवशी स्वतः गाडी चालवत येऊ नका. अंग शांत असतं आणि प्रतिक्रिया मंद. अनमोड घाटातून येणाऱ्या ट्रकला तुमच्या समतेशी काही देणंघेणं नाही. सोबत घ्या, नाहीतर बस. कामावर दुसऱ्या दिवशी लगेच हजर होणार असाल तर रजा एका दिवसाने वाढवा. मला विचाराल तर दोन.

पहिलं जेवण हलकं. सात दिवस शिवराक खाल्लेल्या पोटात थेट शाकुती घातलीत तर पुढचं काय ते पोटच बोलेल.

घरी गेल्यावर आधी घरच्यांचं ऐका. सात दिवस पाणी त्यांनी भरलं, मुलांना शाळेत त्यांनी सोडलं. दारातच ‘तुम्ही सगळे किती घाईत जगता’ असं म्हणणारी एक मैत्रीण माझी आहे. पुढच्या शिबिराला घरून परवानगी मिळवायला तिला दोन वर्षं लागली. नवऱ्याला, सासूला, मुलांना आनापान (श्वासावरचं ध्यान) शिकवू नका. विचारलं तर दोन वाक्यांत सांगा.

नोकरी सोडणं, जमीन विकणं, कुणाला फोन करून जुनी माफी मागणं, असे मोठे निर्णय निदान दोन आठवडे पुढे ढकला. वहीत लिहा, तारीख घाला. दोन आठवड्यांनी वाचल्यावर अर्धे तरी हसू आणतात.

आणि रोजची बैठक. लोक सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास असं ठरवतात आणि चौथ्या दिवशी मोडतात. ज्यांचं टिकलं त्यांतल्या बहुतेकांनी २० मिनिटांनी सुरुवात केली होती, ठरलेली वेळ, ठरलेली जागा. माझी जागा बाल्कांवाच्या (घरापुढच्या ओसरीच्या) कोपऱ्यात आहे. सकाळी पावणेसहाला बसते, पोदेर येतो तेव्हा उठते, कारण पाव घ्यायचं काम माझंच आहे.